ब बाजूचं तिसरं गाणं

दोलोक सांगुल,
११ फेब्रुवारी २०१९

लाए हिसार,

पत्ता तुझ्या पुतण्याकडून मिळवला. फोन नंबरही दिला होता त्याने, पण फोनवर आपण दोघं काय बोलणार? 'होरास' म्हणू आणि मग एकमेकांचे श्वास ऐकत बसू. कागद बरा. मध्येच उठून चुलीवरचं बघून येता येतं.

लामरियाला जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या बहिणीवर शेवटचं उलोस-वस्त्र मी पांघरलं तेव्हा तू हाताच्या अंतरावर उभा होतास, आणि विधीत जेवढं बोलायचं असतं तेवढंच आपण बोललो. पुढच्या महिन्यात तू घराला कुलूप लावून दुमाईला निघून गेलास. ती गेली म्हणून आपलं नातं संपलं असं मी मानत नाही. तू अजून माझा लाएच आहेस, मेव्हणाच. तू काय मानतोस ते तू जाणे.

आता काम सांगतो. मेदानच्या त्या चिनी व्यापाऱ्याची, तोके लिमची, मुलगी मेइलान परवा येऊन गेली. तोके आठवतो ना, हामिंजोन त्रिकुटाची, म्हणजे आपल्या तिघांची, कॅसेट काढणारा? तो वारला. त्याची वखार रिकामी करताना हिला १९८४ ची मूळ फीत सापडली. बाई पंचेचाळिशीची, केस पुरुषासारखे कापलेले, आणि आल्या आल्या माझ्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कॉफीवरून चालत गेली. पण मनानं चांगली आहे. म्हणाली, "ओप्पुंग, या गाण्यांची काळी तबकडी काढायची आहे. हल्ली लोक पुन्हा घेतात."

मी म्हटलं, "काढ की. कोण अडवतंय?"

"कॅसेटवर दहा गाणी आहेत. फितीवर अकरा."

तुला कळलंच असेल. अकरावं म्हणजे तुझं. ते तिला वेगळ्या छोट्या तबकडीवर घालून, पाकिटात जोड म्हणून द्यायचं आहे. त्यासाठी तुझी सही हवी, कारण गाणं तू बांधलंस, आणि माझी हवी, कारण त्रिकुटाचा करार माझ्या नावावर होता. तिसरा तोगाप, तो तर तिकडे वर देवदूतांना सूर चुकवायला शिकवत असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. जे तेव्हा ठेवलं नाही ते आता कशाला? मी उदाच्या झाडांत आयुष्य काढलं. सालीत सुरी खुपसायची, डिंक सुकला की खरवडायचा, आणि घरी आणून निवडायचा. पांढरे खडे एकीकडे, सालीचा भुगा दुसरीकडे. भुगाही त्याच झाडाचा, पण कोणी खड्यांच्या पोत्यात तो ओतत नाही. तेव्हा तोकेनं सांगितलं होतं की कॅसेटवर दहाच मावतात. विषय संपला होता.

मेइलानचा कागद तुझ्याकडे येईल. सही करू नकोस, एवढंच सांगायला लिहिलं.

तुझा लाए,
बिस्तोक सिमामोरा


दोलोक सांगुल,
९ मार्च २०१९

लाए,

मला उत्तर नाही, आणि मेदानला मात्र सही, कागद पोचला त्याच दिवशीच्या टपालानं! मेइलाननं फोनवर सांगितलं. सहीखाली काही लिहिलंय का असं विचारलं, तर म्हणाली, "नाही ओप्पुंग, पण पेन एवढं दाबलंय की कागद फाटलाय."

पस्तीस वर्षांत तुझा हात मऊ झालेला नाही तर.

आता माझ्या एका सहीवर सगळं अडलंय. ती बाई आठवड्याला फोन करते. मी काहीबाही कारणं सांगतो. एकदा चष्मा सापडत नाही म्हटलं. तो नाकावरच होता.

परवा लापोत ताडी प्यायला गेलो आणि मूर्खासारखं तिथे हे बोलून बसलो. झालं. सगळे भांडायला लागले. मास्तर पांगिहुतान म्हणाला, "रेकॉर्ड केलेलं गाणं वगळायचं म्हणजे लग्नाच्या जेवणात एखाद्याचा जांबार न देणं. डुक्कर कापलं, मान याची, जबडा त्याचा, फरा अमक्याचा, आणि एक माणूस रिकाम्या पानावर बसलाय. तो परत तुमच्या दारात येईल का?"

त्यावर बसवाला मांगासी म्हणाला, "मास्तर, म्हणून काय आतडी न धुता वाढायची? काही गोष्टी परड्यातच राहिलेल्या बऱ्या. मी गाडीत कॅसेटा लावतो. एक रडकं गाणं फार झालं तर माणसं खाली उतरेपर्यंत ओकतात."

"ती तुझ्या गाडी चालवण्यानं ओकतात," लापोवाली इनांग आतून ओरडली.

सगळे हसले. मीही हसलो. मग मास्तरानं माझ्याकडे वळून विचारलं, "आमांग, तुम्ही तेव्हा त्याचं गाणं वगळलंत आणि त्या जागी कुठलं ठेवलंत?"

सगळ्यांना माहीत होतं. चटईचं गाणं. माझं. 'चटई फाटेस्तोवर नाच गं', जे अजून प्रत्येक लग्नात वाजतं आणि ज्यावर पोरंटोरं मला खांद्यावर घ्यायला बघतात. मी पेला तसाच ठेवून घरी आलो.

लाए, तोके तसं म्हणाला नव्हता. म्हणजे दहाच मावतात हे म्हणाला होता, ते खरंय. पण कुठलं काढायचं ते त्यानं माझ्यावर सोडलं होतं. उलट त्याला चटईचंच नको होतं. म्हणाला, "हे लग्नात दोन महिने वाजेल आणि मरेल. ते मुलीचं ठेव." तुला मी मेदानहून परत आल्यावर सांगितलं की तोकेनं काढलं. तू माझ्याकडे बघितलंस, गिटार भिंतीला टेकवलीस आणि गेलास. तुला तेव्हाच कळलं होतं की मी खोटं बोलतोय. पुढची सगळी वर्षं तू मला हेव्यानं आंधळा झालेला माणूस समजलास, आणि मी समजू दिलं.

कारण विचारशील तर सांगतो. तिसऱ्या कडव्यात तुझा आवाज फाटला होता. कॅसेट म्हणजे आयुष्यभर राहणारी गोष्ट, फाटलेला आवाज कसा ठेवायचा? तुझ्या अब्रूसाठीच केलं.

बिस्तोक


दोलोक सांगुल,
२८ एप्रिल २०१९

लाए,

हे पत्र तीन आठवडे कपाटात घड्यांखाली ठेवलं होतं. आज टाकतोय.

मेइलाननं फितीवरचं ते गाणं माझ्या मुलीच्या फोनवर पाठवलं. घरात ऐकायचा धीर झाला नाही. फोन खिशात घातला आणि उदाच्या रानात गेलो. बापानं शिकवलं होतं, झाडापाशी हसत जायचं नाही, झाड रुसतं आणि डिंक देत नाही. त्या दिवशी तोंड पाडायला कष्ट पडले नाहीत.

पहिल्यांदा ऐकून थांबवलं. पुन्हा ऐकलं. चार वेळा.

तुझा आवाज फाटलेला नाही. कुठेच नाही. 'तियुर, ऊठ, धुकं उतरलं, बाबाच्या खांद्यावर बस' असं तू म्हणतोस आणि आवाज दोरीसारखा ताठ आहे. तिसऱ्या कडव्यात नाही तो माझा आवाज. तोगाप खाली गुणगुणतोय, तू वर आहेस, आणि मध्ये भोक. मी गायचा थांबलो होतो. अकरा महिन्यांची पोर, माझ्या बोटाला दात लावणारी, आणि तू तिचं नाव घेत होतास. इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की फाटला तो तुझा आवाज. माणूस स्वतःशीही किती बनवाबनवी करतो बघ.

मला आयुष्यात तीन नावं मिळाली. आईबापांनी बिस्तोक ठेवलं, मुलगी झाल्यावर गाव मला आमा नि रोंदांग म्हणायला लागलं, रोंदांगचा बाप, आणि नातू झाल्यावर ओप्पुंग झालो. नावं अशी अंगावर चढत गेली, थंडीत कपडे चढवावेत तशी. तू अकरा महिने आमा नि तियुर होतास. पोर गेली, मग दुसरं मूल झालं नाही. लोकांच्या जिभा अडखळायला लागल्या. 'आमा नि तियुर' म्हणावं तर जखम उघडते, नुसतं हिसार म्हणावं तर पोरसवदा माणसाला मारलेली हाक वाटते. मग हळूहळू तुला कोणी कशानंच हाक मारेनासं झालं. 'अहो', 'ऐका', 'ते रस्त्याकडेच्या घरातले'. मी हे बघत होतो. म्हणून तू ते गाणं बांधलंस हेही मला ठाऊक होतं. त्यात तिचं नाव सात वेळा येतं. मी मोजलंय.

आता जे सांगायचं नाही असं कबूल केलं होतं ते सांगतो.

मेदानला रेकॉर्डिंग करून आपण परतलो, त्याच्या चौथ्या दिवशी लामरिया माझ्याकडे आली. मी मागच्या दारी कॉफी उलथत होतो. बसली नाही. म्हणाली, "इतो, तुमच्या कॅसेटा कोण घेतं?"

मी म्हटलं, "सगळे घेतात. आधी बसवाले."

"माझ्या दारावरून रोज किती बसेस जातात माहितेय? सात. जाताना सात, येताना सात."

मी हातातलं फावडं खाली ठेवलं.

"चौदा वेळा माझी पोर रस्त्यानं ओरडत जाईल, इतो. मी धुणं धुवायचं कसं? भात शिजवायचा कसा? बस थांबायची नाही, आणि मी मात्र दर वेळी बाहेर धावेन."

मी म्हटलं, "हिसारला सांग की. तुझा नवरा आहे. तुझ्यासाठी तो स्वतः काढेल."

"नाही. त्याला वाटेल मी तिला विसरायला बघतेय. त्याच्याकडे एवढंच राहिलंय. मी त्याच्याकडून नाही मागणार. तू काढ. काय कारण द्यायचं ते तू बघ. आणि माझं नाव घेतलंस तर मी तुझी बहीण नाही."

मी काढलं. आणि तोकेला चटईचं ठेवायला लावलं, कारण तोगापच्या गाण्यापायी तुझं गेलं असं तुला वाटलं असतं तर तू तोगापशी भांडला असतास. त्याला पाच पोरं होती, त्याला तुझी गरज होती. माझ्यावर राग धरलास तर मी सोसेन असं वाटलं. किती वर्षं सोसावा लागेल याचा हिशेब मात्र चुकला. मला वाटलं होतं, नाताळपर्यंत येशील.

लामरिया असेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ती गेल्यावरही नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कधी संपतो हे मला कोणी शिकवलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं झाडांकडून आणि गिटारीकडून. कदाचित आज मी तिचा भाऊ राहिलो नाही. पण तुझ्या सहीनं कागद फाटला असं ऐकल्यापासून झोप नाही. तुला सही करू नकोस म्हणालो ते तिच्यासाठी. आता तूच सांग काय करू.

बिस्तोक


दोलोक सांगुल,
२ जून २०१९

लाए,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून आधी दार लावून घेतलं, मग आठवलं की घरात तसंही कोणी नाही. रोंदांग नवऱ्याच्या गावी, बायको चर्चच्या बायकांबरोबर सिबोरोंगबोरोंगला.

अर्धा कागद. पाठ झालाय. तरी पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'लाए, तू लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं. मला राग यायला हवा होता, तिचा किंवा तुझा. आला नाही. आणि जुना रागही गेल्यावर खोलीत फार जागा झाली. पस्तीस वर्षं तो माझ्याबरोबर जेवायला बसत होता.

एक गोष्ट तुला माहीत नाही. १९९१ मध्ये, दुपारी बस गेली, चटईचं वाजवत. लामरिया दारात उभी होती. म्हणाली, ते दुसरं गाणं कॅसेटवर का नाही हो? मी म्हटलं, तुझ्या भावाला विचार. ती म्हणाली, बरं झालं नाही ते. आणि मग संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी समजलो, भावाच्या लाजेनं. आता वाटतं, तिला ते ऐकायचं होतं. किंवा नसेलही. पंचवीस वर्षं एका घरात मी तिला विचारलं नाही. ती मला घाबरत होती आणि मी तिला.

मी सही मागे घेत नाही आणि पुढेही करत नाही. तिनं तुझ्याकडे मागितलं होतं, माझ्याकडे नाही. तू ठरव. तिची कबर तुझ्यापासून जवळ आहे. पण या वेळी मला खरं कारण सांग.'

एवढंच. खाली सही, कागद न फाडता.

आज चर्च सुटल्यावर कबरीपाशी गेलो. तण वाढलंय, आपल्या दोघांची लाज. दोन्ही कबरी शेजारी आहेत, मोठी आणि ती हातभर लांबीची. छोटीवरचं नाव पावसानं खाल्लंय, 'ति' एवढं राहिलंय. मी तण उपटलं, मग कठड्यावर बसून फोनवर गाणं लावलं. काय व्हायला हवं होतं कोण जाणे. मला वाटलं, काहीतरी कळेल. काही कळलं नाही. रस्त्यावरून बस गेली. हल्ली तीनच जातात, आणि त्यांत जाकार्ताची गाणी वाजतात.

शेजारच्या मक्याच्या वावरात एक बाई खुरपत होती. तिशीची असेल, दोलोक सांगुलला लग्न होऊन आलेली. खुरपं घेऊन बांधावर आली.

"ओप्पुंग, छान आहे हो गाणं. कोणाचं?"

मी म्हटलं, "आमचंच. जुनं."

"आणि तियुर कोण?"

लाए, या रस्त्यावर हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं म्हणून कोणी नाव घेत नव्हतं. आणि आज कोणालाच माहीत नाही म्हणून कोणी घेत नाही. मधल्या काळात कधी हे उलटलं ते मला कळलंच नाही. ज्यांना ते नाव दुखायचं ती माणसं गेली. राहिलो तू आणि मी, आणि तू दुमाईत.

"हिची मुलगी," मी मोठ्या कबरीवर हात ठेवून म्हटलं. "माझी भाची. अकरा महिन्यांची होती."

"आई गं," ती म्हणाली. डोळ्यांना पदर वगैरे काही लावला नाही तिनं. खुरपं बांधावर टाकलं आणि खाली बसली. "बाप आहे?"

"आहे. हे तोच गातोय."

"मग पुन्हा लावा ना. मी दुसरंच काहीतरी ऐकत होते, प्रेमाचं समजून."

मी पुन्हा लावलं. तिनं सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "याची कॅसेट मिळते?"

मी तिथूनच मेइलानला फोन केला. चर्चचे कपडे, हाताला माती, आणि रेंज मिळावी म्हणून मी बहिणीच्या कबरीच्या कठड्यावर उभा. रस्त्यावरच्यांना वाटलं असेल म्हातारा प्रवचन देतोय.

म्हटलं, "मेइलान, सही करतो. पण ते जोड म्हणून नाही द्यायचं. पाकिटातल्या पाकिटात शेपटासारखं नको. तेव्हा जिथे लावायचं ठरलं होतं तिथे लावायचं. ब बाजू, तिसरं."

ती म्हणाली, "ओप्पुंग, मग ब बाजूवर सहा होतात. तबकडीवर एवढी दाटी केली की आवाज बारीक होतो. सगळ्यांचाच. पाचच बसतील."

"मग एक काढ."

"कुठलं काढू?"

"चटईचं."

तिनं माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाली, "ओप्पुंग, थट्टा करताय का? लोक तबकडी घेणार ती त्या गाण्यासाठी! माझा नवरा मला घराबाहेर काढेल."

"तुझ्या नवऱ्याला सांग, ते गाणं ऐकायचं असेल तर कुठल्याही लग्नात फुकट जेवायला जा. तिथे वाजेल. दुसरं कुठेच वाजत नाही."

"ते तुमचं स्वतःचं आहे, ओप्पुंग. एकटं तुम्ही बांधलेलं तेवढंच एक आहे या फितीवर."

"माहितेय मला. मी तिथे होतो."

ती हसली, मग रडली असं वाटलं. चिनी माणसं फोनवर रडतात की नाही मला माहीत नाही, पण आवाज तसा आला. म्हणाली, कागद बदलून पाठवते.

तर ठरलं. आता तुला कारण हवंय. लामरियानं सांगितलं होतं ते तिच्या दारावरून जाणाऱ्या बसेसपुरतं होतं, असं मी स्वतःला समजावतोय. ते खरं आहे की नाही हे तीच जाणे, आणि वर गेल्यावर ती मला फैलावर घेईलच. पण गाणं काढावं की ठेवावं याचा एकच नियम असतो असं मला वाटायचं, निवडलेल्या डिंकासारखा. तसं नाही. १९८४ मध्ये ते काढणं बरोबर होतं, कारण एक बाई धुणं धूत होती. आज ते ठेवणं बरोबर आहे, कारण धुणं धुणारी कोणी नाही. पस्तीस वर्षांनी आज कोणी तिचं नाव विचारलं, आणि मी सांगितलं, आणि कोणालाही दुखलं नाही. मला थोडं दुखलं. मला दुखायलाच हवं होतं, मी मामा आहे.

तू आता येशील असं समजून मी काही लिहीत नाही. तुझ्या कुलपाला गंज चढलाय. मी तेल घातलं, पण किल्ली तुझ्याकडे आहे. पावसाआधी छपराच्या दोन पत्र्यांचं काहीतरी करायला हवं, ते मी मांगासीला सांगून करवून घेतो. तू नको म्हणालास तरी करवून घेणार.

छोट्या कबरीवरचं नाव पुन्हा कोरायला पाथरवट सांगून ठेवलाय. त्यानं विचारलं, बापाचं नाव खाली घालायचं का आणि काय घालायचं. मी म्हटलं, आठ दिवस थांब, विचारून सांगतो.

तर कळव. त्याचा माणूस पुढच्या सोमवारी येतोय.

तुझा लाए,
बिस्तोक